लिव्हर स्पेशालिस्ट नेमकं करतात काय? (साबु, सिरोसिस आणि घरातला गोंधळ)

निवांत_वारजे

मंडळी, साबुंचं (सासरेबुवांचं) वय ६८. दारूला आयुष्यात शिवले नाहीत, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. डायबेटिस मात्र वीस वर्षांचा आणि पोट सुटलेलं. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीच्या सोनोग्राफीत 'लिव्हर खडबडीत, प्लीहा मोठी' असा शेरा आला. प्लेटलेट्स ९० हजार. सर्जननी सुरी बाजूला ठेवली आणि लिव्हरवाल्यांकडे पाठवलं. तिथे फायब्रोस्कॅन (लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी) झाला, आकडा २३. निदान सिरोसिस.

घरात 'दारू न पिता सिरोसिस?' यावर चार दिवस परिसंवाद झाला. साबांना (सासूबाईंना) तर शेजारी काय म्हणतील याचंच जास्त टेन्शन.

खरा प्रश्न पुढे आहे. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी औषध दिलं एकच. कार्व्हेडिलॉलची बारकी गोळी. आमचे नेहमीचे डॉक्टर लिव्हरचं टॉनिक देत होते, तेही बंद करायला सांगितलं. दुर्बिणीने तपासणी केली, अन्ननलिकेत शिरा थोड्या फुगल्या आहेत म्हणाले. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोनिया अशा लशींची यादी दिली, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि वजन-व्यायामावर भाषण. हर्निया 'तूर्तास थांबा'. साबांचं म्हणणं, 'एवढी फी घेऊन ही एवढीशी गोळी?' आतेसासरे रोज फोन करून कुठल्याशा गावातल्या काविळीच्या औषधाचा पत्ता देतायत.

ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांनी लिहा. हे डॉक्टर वर्षानुवर्षं करतात काय, आणि आपण काय करायचं?

डॉ_सदाशिव

आधीच सांगतो, मी फिजिशियन आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही. पण हे पेशंट रोज बघतो, म्हणून लिहितो.

तुमच्या सासऱ्यांचा सिरोसिस अजून 'कॉम्पेन्सेटेड' आहे, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण भरपूर आहेत पण उरलेला भाग काम निभावून नेतोय. पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ आणि भ्रम या चारपैकी एकही झालेलं नाही. पहिल्यांदा यातलं काही झालं की आजाराचा टप्पा बदलतो. जुन्या मोठ्या अभ्यासांत पहिल्या टप्प्यातल्या लोकांचं सरासरी आयुष्य बारा वर्षांच्या वर निघालं होतं आणि दुसऱ्या टप्प्यातल्यांचं साधारण दोन. तुमचे डॉक्टर जे काही करतायत ते पेशंटला पहिल्या टप्प्यातच ठेवण्यासाठी. घरच्यांना त्यात 'काही घडताना' दिसत नाही, कारण काही घडू नये हाच उद्देश आहे.

आता त्या बारक्या गोळीबद्दल. आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर असते, पोर्टल व्हेन. लिव्हर घट्ट झालं की त्या शिरेत दाब वाढतो. दाबामुळे प्लीहा फुगते, प्लेटलेट्स तिच्यात अडकतात (९० हजारांचं कारण हेच), आणि रक्त आडवाटेने अन्ननलिकेतल्या शिरांमधून जायला लागतं. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी. कार्व्हेडिलॉल हा दाब कमी करतं. मेडिकलवाला 'ही बीपीची गोळी' म्हणेल, आणि 'बीपी तर नॉर्मल आहे' म्हणून घरचेच ती बंद करतील. करू नका. मात्र वरचं बीपी ९० च्या खाली जायला लागलं किंवा उठताना चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

टॉनिक बंद केलं ते उत्तम केलं. व्रण झालेलं लिव्हर कोणत्याही टॉनिकने नितळ होत नाही. मूळ कारण काढलं तर मात्र ते काही प्रमाणात सुधारतं, आणि त्यांच्या बाबतीत कारण साखर आणि चरबी हे आहे. म्हणून ते 'भाषण' हाच उपचार.

निवांत_वारजे

डॉक्टर, खूप आभार. हे साबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'मग त्यांनी असं सांगायचं ना,' एवढीच प्रतिक्रिया. :)

पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला? लिव्हर खडबडीत आहे हे तर कळलंय.

खडकवासला_पाणी

ताई, त्याचं उत्तर मी देते. माझ्या आईला हिपॅटायटिस सी होता. १९८८ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. रक्तपेढ्यांमध्ये सी ची तपासणी २००१ च्या आधी सक्तीची नव्हतीच. तिला कळलं साठीत, पाय सुजायला लागल्यावर.

व्हायरस गोळ्यांनी गेला. सरकारचा हिपॅटायटिस कार्यक्रम आहे, २८ जुलै २०१८ ला सुरू झालेला, त्यात तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. तिची पोटात पाणी झालेली केस, म्हणून सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटास्विर, जोडीला रिबाव्हिरिन. नंतरच्या रिपोर्टमध्ये 'व्हायरस आढळला नाही'. आम्ही पेढे वाटले आणि डॉक्टरांना म्हटलं, 'आता यायचं नाही ना?' ते म्हणाले, 'व्हायरस गेला, सिरोसिस तिथेच आहे. सोनोग्राफी आयुष्यभर.'

कारण सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होण्याचा धोका राहतो. दोन सेंटिमीटरची गाठ काही दुखत नाही. ती वेळेत सापडली तर जाळता येते, काढता येते, नाहीतर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. पोट दुखायला लागल्यावर सापडली तर यातले बरेच रस्ते बंद झालेले असतात. जोडीला एएफपी नावाची रक्ततपासणी करतात. आम्ही तारीख दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास ठेवलीय, विसरायला होत नाही.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. 'भ्रम' म्हणजे एकदम वेड्यासारखं बोलणं नव्हे. आईचं सुरू झालं झोपेपासून: दिवसा पेंग, रात्री दोनला टक्क जागी. मग दुधाच्या हिशोबाची वही. तिचं अक्षर मोत्यासारखं, चाळीस वर्षं तीच हिशोब ठेवते. एका आठवड्यात आकडे ओळीखाली घसरायला लागले, ७ आणि १ ओळखू येईनात, एके दिवशी एकाच तारखेची नोंद तीनदा. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरांनी तिला हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे राहून राहून फडकन खाली पडत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'पोट कधी साफ झालं होतं?' तीन दिवस झालं नव्हतं.

आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हर साफ करू शकत नाही आणि तो मेंदूपर्यंत जातो. त्यावर लॅक्ट्युलोज. प्रमाण चमच्यांवर ठरत नाही, दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला झाली पाहिजे यावर ठरतं. कमी झाली तर वाढवायचं, जुलाब झाले तर कमी करायचं. आई वैतागते, लाजते, 'मला त्या बाटलीचा वास नको' म्हणते. पण ती हिशोबाची वही आता डॉक्टरांनाही दाखवते आणि ते खरंच उघडून बघतात.

पेठेतला_काका

सगळं वाचलं. ॲलोपॅथीकडे लिव्हरला औषध नाही हे डॉक्टरांनीच कबूल केलं, बरं झालं. आपल्याकडे भुईआवळी, पुनर्नवा, कुटकी, गुळवेल असताना लोक गोळ्यांमागे का धावतात? आमच्या आजोबांच्या वेळी फायब्रोस्कॅन नव्हते आणि लिव्हरही खराब होत नव्हत्या.

डॉ_सदाशिव

काका, आजोबांच्या वेळी लिव्हर खराब होत होत्या, 'जलोदर झाला' म्हणायचे आणि माणूस जायचा. :)

मी आयुर्वेदाविरुद्ध भांडायला बसलेलो नाही. पण दुखऱ्या लिव्हरला कुठल्याही पॅथीची अनोळखी पुडी म्हणजे जुगार आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमधला लिव्हरचा दाह नोंदवून २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद काहीही असो, ज्याची लिव्हर आधीच काठावर आहे त्याने हा प्रयोग स्वतःवर कशाला करायचा? गावाकडच्या काविळीच्या पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही. निवांतताई, आतेसासऱ्यांना नम्र नकार.

आणि हे ॲलोपॅथीच्या गोळ्यांनाही लागू. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या गुडघेदुखीच्या गोळ्या सिरोसिसमध्ये किडनी बंद पाडतात आणि रक्तस्रावाला आमंत्रण देतात. लोक नेमकं उलटं करतात, पॅरासिटामॉलला घाबरतात आणि ब्रुफेन खुशाल घेतात. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून, तुलनेने सुरक्षित आहे. झोपेच्या गोळ्या तर स्वतःहून अजिबात नकोत.

पेठेतला_काका

काढा बंद करणार नाही, पण मुद्दा नोंदवला.

मधला_मार्ग

इतके दिवस वाचनमात्र होतो. निवांतताईंच्या साबांना 'शेजारी काय म्हणतील' वाटलं, माझ्या बाबतीत शेजारी जे म्हणायचे ते खरंच होतं. मी प्यायचो.

रक्ताची उलटी झाली ती गणपतीत. बेसिन लाल. दुर्बिणीतून फुटलेल्या शिरेवर रबराची रिंग बसवली. बँडिंग म्हणतात. मग दर दोन-चार आठवड्यांनी बोलावून उरलेल्या शिरांना रिंगा, त्या पूर्ण मिटेपर्यंत. पोटात पाणी होतं ते सुईने काढलं. पाच लिटरपेक्षा जास्त निघालं तर सलाईनमधून अल्ब्युमिन देतात, नाहीतर किडनी कोलमडते. ती बाटली महाग असते आणि नातेवाईक 'ही वगळता येईल का' विचारतात. वगळू नका.

मला त्या लिव्हरच्या डॉक्टरांचं आवडलं ते असं की त्यांनी 'दारू सोडा' म्हणून फाइल बंद केली नाही. सरळ विचारलं, 'सोडायला मदत कोण करतंय?' मदत कुणीच करत नव्हतं. त्यांनी मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं, तिथून मुक्तांगण, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. येरवड्याला आहे, १९८६ पासून. अनिल आणि अनिता अवचटांनी सुरू केलेलं. दारू सोडवण्याच्या काही नेहमीच्या गोळ्या बिघडलेल्या लिव्हरला झेपत नाहीत, त्यामुळे औषध कुठलं चालेल हे लिव्हरवाले आणि मानसोपचारवाले एकमेकांना फोन करून ठरवायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता पाण्याच्या गोळ्यांवर आहे, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन, आणि ते कॅलेंडरवर लिहायचं. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही असं सांगितलंय. झपाट्याने उतरलं की आनंद होतो, पण तिथे किडनी मार खाते. पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखलं तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घरी बसायचं नाही. ते पाणी तपासायला पाठवतात, त्यात विशिष्ट पेशी २५० च्या वर निघाल्या तर आत इन्फेक्शन आहे आणि ॲडमिट व्हावं लागतं.

आहारवेडी

मधला_मार्ग, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आता आहारावर मला बोलू द्या, पेशाने आहारतज्ज्ञ आहे.

सिरोसिस म्हटलं की पुण्यातल्या घरांत पहिल्या दिवशी तूप बंद, डाळ बंद, अंडी बंद आणि वरण-पाण्यावर माणूस ठेवायचा. महिन्याभरात खांदे आणि मांड्या आटतात. हे अगदी चूक आहे. प्रोटीन बंद करण्याचा सल्ला जुना झाला, भ्रमाच्या पेशंटलाही आता तो देत नाहीत. किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. एक वाटी घट्ट वरणात जेमतेम सहा-सात असतं, म्हणजे हिशोब करा. दूध, दही, पनीर, मूग, सोया, अंडी चालत असतील तर अंडी. स्नायूसुद्धा अमोनिया साफ करतात, ते राखायचेत.

दुसरं, उपाशी राहायचं नाही. अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा नीट राहत नाही, त्यामुळे रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपासात शरीर स्नायू मोडून खायला लागतं. म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायचं: दूध-पोहे, सातूचं पीठ, मुगाचा एखादा लाडू. डायबेटिस असेल तर प्रमाण आणि गोडी सांभाळून, पण खायचं. संकष्टी आणि एकादशीचे कडक उपास नकोत, हे घरातल्या ज्येष्ठांना पटवणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

मीठ: पोटात पाणी असेल तर दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. भाजीत कमी घालून वर पापड, लोणचं, बाकरवडी, पाव, फरसाण आलं की गणित संपलं. सैंधव घातलं तर चालतं हा गोड गैरसमज आहे, तेही मीठच. आणि बाजारात 'कमी सोडियमवालं' मीठ मिळतं, ते कौतुकाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाण्यासाठी देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

निवांतताई, तुमच्या सासऱ्यांना पाणी नाही, त्यामुळे मिठाची एवढी कडक शिस्त आत्ता नको. वजन उतरवायचंय पण हळू, आणि प्रोटीन न कापता. कॉफी चालत असेल तर चालू द्या. कॉफी पिणाऱ्यांमध्ये व्रण कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. चहाबद्दल तेवढी चांगली बातमी नाही, क्षमस्व अमृततुल्य.

खडकवासला_पाणी

+१ रात्रीच्या खाण्याला. आई सकाळी उठायची तो गळाठा बराच कमी झाला.

लॅक्ट्युलोजने शुगर वाढेल का असं विचारणारे असतात, आम्हीही विचारलं होतं. ते रक्तात फारसं शोषलंच जात नाही. आता निर्धास्त आहोत.

धाकटी_बहीण

ट्रान्सप्लांटचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. मी माझ्या दादाला लिव्हरचा तुकडा दिलाय.

लोकांना वाटतं ट्रान्सप्लांट म्हणजे सगळे उपाय हरल्यावरचा शेवटचा डाव. चांगला लिव्हरचा डॉक्टर तो विषय आधी काढतो, माणूस ऑपरेशन सोसू शकेल अशा अवस्थेत असताना. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं), आयएनआर (रक्त गोठण्याचं), क्रिएटिनिन (किडनीचं) आणि सोडियम यांवरून मेल्ड नावाचा आकडा काढतात. पंधराच्या पुढे जायला लागला की सेंटरकडे पाठवतात. दादाचा वाढताना दिसत होता, म्हणून आम्हाला विचार करायला वेळ मिळाला. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला आयसीयूतून थेट पाठवलं होतं, त्यांच्या घरच्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता.

दोन रस्ते. मेंदूमृत दात्याकडून हवं असेल तर नाव हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या (अवयवांचं वाटप बघणाऱ्या केंद्राच्या) यादीत लागतं. जिवंत दाता असेल तर अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा लागतो: आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. त्यापलीकडचा कुणी द्यायला तयार असेल तर परवानगीची समिती बसते, पैशाचा व्यवहार नाही ना हे बघते. माझीसुद्धा कागदपत्रं, फोटो, मुलाखत सगळं झालं. एका बाईंनी मला एकटीला खोलीत बसवून विचारलं, 'कुणी दबाव टाकतंय का? नको असेल तर आम्ही घरच्यांना फक्त वैद्यकीय कारण सांगू.' सासरची चार माणसं बाहेर बाकावर होती. तो प्रश्न विचारला जातो हे प्रत्येक दात्याला माहीत असावं.

माझं लिव्हर काही महिन्यांत जवळजवळ मूळ आकाराला आलं. व्रण आहे, कधी ओढतो. दादाला टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनचं औषध) आयुष्यभर, वेळेवर, रक्तातली पातळी तपासत. खर्च लाखांत, खोटं कशाला बोलू. धर्मादाय रुग्णालयांमध्ये दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटा, बिल आल्यावर नव्हे.

डॉ_सदाशिव

उत्तम प्रतिसाद, ताई. एवढंच जोडतो की साबुंना आज ट्रान्सप्लांटची गरज नाही, उगाच घाबरू नका.

कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय, फॅटी लिव्हरची नवी गोळी आलीय का? रेझ्मेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये परवानगी मिळाली, पण सिरोसिसच्या आधीच्या टप्प्यासाठी. सिरोसिस झालेल्यांसाठी नाही. व्हॉट्सॲपवर फिरतंय ते अर्धं खरं.

निवांत_वारजे

काल फॉलोअपला जाऊन आलो. तुमच्या सगळ्यांमुळे यावेळी आम्ही प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर म्हणाले चाइल्ड-प्यू ए, म्हणजे सिरोसिस किती गंभीर आहे त्या मोजणीतली सगळ्यात सौम्य पायरी. हर्निया दुखत नाही तोवर पट्ट्यावर, आणि अडकल्याची लक्षणं लिहून दिली: गाठ घट्ट होणं, उलटी, गॅस न सुटणं. ऑपरेशन लागलंच तर ते, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. साबा खूश, कारण यावेळी डॉक्टरांनी बारक्या गोळीचं चित्र काढून समजावलं. फी तीच.

जाता जाता त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'तुमची शुगर किती?' बॉर्डरवर आहे. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्स आणि वय घालून फिब-४ (लिव्हरमध्ये व्रण असण्याची शक्यता सांगणारा आकडा) काढला, १.६ आला. १.३ च्या वर म्हणून त्याचाही फायब्रोस्कॅन सांगितलाय. त्या तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का? साबुंच्या वेळी कुणी काही बोललं नव्हतं.

खडकवासला_पाणी

तीन तास आधी काही खायचं नाही. पोट भरलेलं असलं की आकडा फुगतो. सकाळची पहिली वेळ घ्या, पार्किंगही मिळेल.